रद्दीत गेलेलं जहाज

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचा एक तरी गठ्ठा खाली येतो आणि घरात वाद होतो. एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. ती लिहिते, “यांनी कॉलेजात असल्यापासून जमवलेली विनोदी मासिकं पेटीत पडून आहेत. उघडून कुणी बघत नाही. कसर लागायला लागली आहे. देऊन टाकू का?”

आधी तुमच्या कामाचं सांगते. गठ्ठा सुतळीनं करकचून बांधू नका, कडा फाटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून ठेवू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो. मासिकं आडवी ठेवा. मधल्या पिना गंजल्या असतील तर हलक्या हातानं काढून टाका, नाहीतर तांबडे डाग पानापानांत उतरतात. कडुलिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून कापडी पुरचुंडीत घाला. कागद पिवळा पडतोय म्हणून उन्हात मात्र घालू नका, उन्हानं तो अधिकच पिवळा नि ठिसूळ होतो.

आणि देऊन टाकू का, ह्याचं उत्तर द्यायला मी फारशी लायक नाही. का, ते सांगते.

आमचं लग्न 1976 सालचं. सासर कोल्हापूरला, एकत्र कुटुंब, माणसं अकरा आणि खोल्या चार. आमच्या ह्यांची एक पत्र्याची पेटी होती. मला वाटलं, कागदपत्रं असतील. उघडून बघते तो काय, एका दात पडलेल्या, मोठ्या कानांच्या पोराचं चित्र माझ्याकडे बघून हसतंय! ‘मॅड’ नावाचं अमेरिकन विनोदी मासिक. हे मुंबईला शिकायला होते तेव्हा फाउंटनच्या फूटपाथवर जुने अंक मिळायचे, त्यातून जमवलेले. मी मोजले होते, एकूण त्रेचाळीस.

मी बी. ए. झालेली, पण मराठी घेऊन. इंग्रजीचं पान समोर आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. शिवाय ह्या अंकांतली निम्मी गंमत शब्दांच्या मोडतोडीत. पण सिनेमांची विडंबनं चित्रांत असायची. पानं सगळी काळी-पांढरी, आणि पहिल्याच मोठ्या चित्रात सगळी पात्रं रांगेनं उभी राहून आपली ओळख करून देणार. खऱ्या सिनेमात नायक स्वतःबद्दल जे कधी बोलणार नाही, ते हा इथं सरळ बोलून मोकळा! मी किती भित्रा, मी किती कंटाळवाणा, माझा पगार किती. ‘द गॉडफादर’चं 1972 साली त्यांनी ‘द ऑडफादर’ केलं. त्याआधी ‘द साउंड ऑफ म्यूझिक’चं ‘द साउंड ऑफ मनी’ केलं होतं. आपल्याकडे अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये भल्याभल्या कवींची टोपी उडवली, तीच जात. फक्त इथं टोपी सिनेमावाल्यांची.

तर रात्री सगळी निजानीज झाली की हे कंदिलाएवढ्या उजेडाचा दिवा लावून एकेक चौकट वाचून अर्थ सांगायचे. हसू आलं की तोंडात उशीचं टोक. नवराबायकोनं एकत्र मोठ्यानं हसायचं म्हणजे त्या घरात काय बाई! एकदा सकाळी सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, “काल रात्री दोघांनाही ढास लागली होती का गं? आल्याचा रस घे हो.” तीन दिवस मी मुकाट्यानं आल्याचा रस घेतला.

तुम्हाला खरं सांगू? दिवसभरात आम्ही दोघं एकमेकांशी जे बोलायचो ते “दळण आणायचंय” आणि “भाऊजींचा डबा झाला का” एवढंच. दोघांचं असं त्या घरात काही होतं तर ती पेटी.

हळूहळू मला चित्रांवरून माणसं ओळखता यायला लागली. ही चित्रं काढणारा मुख्य गडी मॉर्ट ड्रकर. 1956 पासून तो तिथं काढत होता. 2020 साली, वयाच्या 91व्या वर्षी गेला. त्याच्या हातात अशी जादू की नटाचा चेहरा थट्टेचा, पण ओळख शंभर टक्के. आणि मागच्या गर्दीत, कोपऱ्यात, दाराआड कुणीतरी भलतंच काहीतरी करत असायचं. तांदूळ निवडावेत तशी मी ती पानं निवडायची. हे संवाद वाचत आणि मी कोपरे शोधत. टीव्हीवरच्या मालिकांची विडंबनं बरीचशी अँजेलो टोरेस काढायचा. त्या मालिका आम्ही कुठल्या बघणार! आमच्या घरी तेव्हा टीव्हीच नव्हता. गंमत म्हणजे न बघितलेल्या सिनेमांची थट्टा आम्हाला तोंडपाठ होती. पुढे व्हिडिओ आल्यावर खरा ‘गॉडफादर’ बघितला, तर प्रत्येक गंभीर प्रसंगी मी आपली विनोदाची वाट बघतेय!

मासिकाचा इतिहास थोडक्यात सांगते. 1952 साली न्यूयॉर्कला निघालं. हार्वी कर्ट्झमन संपादक, विल्यम गेन्स प्रकाशक. आधी रंगीत चित्रकथांचं पुस्तक, 1955 पासून मोठ्या आकाराचं मासिक. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी बाहेरची एक जाहिरात घेतली नाही, कारण साबण-टूथपेस्टच्या जाहिरातींचीच तर खिल्ली उडवायची होती. 1974 च्या सुमारास खप वीस लाखांवर गेला होता. किमतीशेजारी स्वतःच ‘स्वस्त!’ असं छापायचे, ते मला फार आवडायचं. 2019 पासून त्यात बहुतेक जुनाच मजकूर फिरून छापू लागले.

त्यांच्यावर खटलाही झाला होता बरं का! प्रसिद्ध गाण्यांच्या चालींवर त्यांनी नवी गाणी रचली आणि कुठल्या चालीवर म्हणायचं तेही छापलं. अर्व्हिंग बर्लिन ह्या मोठ्या संगीतकाराच्या बाजूनं प्रकरण कोर्टात गेलं. सुंदर तरुणीवरच्या त्याच्या एका गोड गाण्याचं ह्यांनी केलं होतं, एक बाई आपल्या दुखण्याचं साग्रसंगीत वर्णन करते असं गाणं. (हळदीकुंकवाला अशी एक तरी बाई असतेच, नाही का?) 1964 साली वरच्या कोर्टानं मासिकाच्या बाजूनं निकाल दिला. थट्टा करायलाही मोकळीक हवी, असा त्याचा मथितार्थ.

दुसरी हकीगत त्याहून मजेची. 1980 साली ‘स्टार वॉर्स’च्या दुसऱ्या भागाचं विडंबन छापलं तेव्हा सिनेमा कंपनीच्या वकिलांचं धमकीचं पत्र आलं. इकडे त्या सिनेमाचा कर्ता जॉर्ज ल्युकस ह्यानं स्वतःच चित्रकार ड्रकर आणि लेखक डिक डिबार्टोलो यांचं तोंडभरून कौतुक करणारं पत्र पाठवलेलं. मासिकवाल्यांनी काय करावं? साहेबाच्या पत्राची नक्कल काढून वकिलांना धाडून दिली. झालं, मिटलं!

शेवटच्या पानाची घडी घातली की चित्र बदलून दुसरंच दिसायचं, ती करामत अल जॅफीची, 1964 पासूनची. हा गृहस्थ 2020 पर्यंत, वयाच्या 99 वर्षांपर्यंत काम करत होता आणि 102 वर्षांचा होऊन 2023 साली गेला. आपल्या ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडक्या आठवतात ना? वरून एक चित्र, खिडकी उघडली की आत भलतंच! पण ‘आवाज’ आमच्याकडे मामंजींच्या कपाटात कुलपात असायचा आणि ‘मॅड’ पेटीत उघडा. इंग्रजी असल्यामुळे कुणाला संशय नाही.

असो. आता माझं पाप सांगते.

1988 साल. आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं होतं, दोन मुलं, दीड खोली. दिवाळीची आवराआवर. मुलांच्या गरम कपड्यांना पेटी हवी होती. हे कामावर गेलेले. रद्दीवाला दारात आला आणि मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस अंक तागडीत घातले. विचारलंसुद्धा नाही. आलेल्या पैशांतून एक स्टीलची चाळणी घेतली.

संध्याकाळी ह्यांनी पेटी उघडी बघितली. म्हणाले, “पेटी रिकामी झाली वाटतं.” आणि पाय धुवायला गेले. बस्स. पुन्हा कधी विषय नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. चाळणी अजून आहे. अनारशाचं पीठ चाळायला घेतली की हे स्वयंपाकघरात येत नाहीत, की मला तसं वाटतं, कोण जाणे.

मध्यंतरी नातीनं तिच्या लॅपटॉपवर ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ लावला. 1972 चा तो बुडत्या जहाजाचा सिनेमा. त्याच्या विडंबनाचा अंक 1973 चा, मुखपृष्ठावर लाइफबॉयमधून वर आलेले नुसते दोन पाय. तो आमच्या गठ्ठ्यात सगळ्यात वरचा होता. जहाज उलटलं, माणसं छतावर आपटायला लागली, आणि आम्ही दोघं म्हातारे हसून हसून बेजार. ह्यांना तर खरीच ढास लागली.

नात म्हणाली, “आजी! माणसं बुडतायत आणि तुम्ही हसताय?”

हे डोळे पुसत म्हणाले, “अगं, डावीकडच्या पानावर खाली कोपऱ्यात एक जण होता बघ...”

मी म्हटलं, “डावीकडच्या नाही, अहो. उजवीकडच्या.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “उजवीकडच्या,” म्हणाले, आणि नातीला सिनेमा मागं घ्यायला सांगितला.