डोकं धुतलं नाही म्हणून केस गेले नाहीत

शेगावची बातमी टीव्हीवर आली त्या दिवशी वस्तीतल्या एका मावशींनी मला दारातच अडवलं. "ताई, त्या लोकांनी डोकंच धुतलं नसंल का ओ?" मावशींचा दोष नाही. गरिबाच्या घरात आजार आला की पहिला संशय त्याच्या स्वच्छतेवर घ्यायचा, हे आपल्यालाही इतक्या वर्षांत शिकवलं गेलंय.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत मुठीमुठीने हातात येऊ लागले. सुमारे पावणेतीनशे माणसं, त्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलीही. शाम्पू, बुरशी, पाणी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले, त्या गावांत गेले आणि त्यांनी ताटातला गहू तपासायला दिला. रेशनचा गहू. त्यांच्या अहवालानुसार त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. पोती पंजाबकडची होती.

सेलेनियम विष नव्हे. माणसाला ते रोज लागतं, पण फक्त ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात, यावरून अंदाज करा. ४०० च्या वर रोज जाऊ नये असं मानतात. आता त्या गव्हाच्या २०० ग्रॅम पिठाच्या चपात्या खाल्ल्या तर पोटात २,९०० मायक्रोग्रॅम जातं. एका दिवसात, एका माणसाच्या.

शरीर त्याचं काय करतं? पिठातलं सेलेनियम आतड्यातून रक्तात आणि तिथून यकृतात येतं. यकृत म्हणजे आपलं गोदाम आणि रेशन दुकान एकत्र. ते सेलेनोप्रोटीन-पी नावाचं एक प्रथिन बनवतं, त्यात सेलेनियम भरतं आणि रक्तात सोडून देतं. मेंदू, वृषण, मूत्रपिंड यांच्या पेशींवर ते प्रथिन ओळखून आत घेणारे दरवाजे असतात. माल कमी पडला की वाटणी बदलते. स्नायूंना थांबावं लागतं, खुद्द यकृतही आपलं कमी करतं, पण मेंदूचं शेवटपर्यंत राखलं जातं. थायरॉइडचंही. ज्याच्यावाचून चालणार नाही त्याला आधी! आपल्या तालुक्याच्या गोदामात इतकी अक्कल असती तर कितीतरी बायांचे खेटे वाचले असते.

ही सगळी व्यवस्था टंचाईसाठी आहे. जास्त झालं तर यकृताला दार बंद करता येत नाही. ते जादा सेलेनियमला साखरेसारखा रेणू जोडून लघवीवाटे काढतं. तेही पुरेना झालं की श्वासावाटे, म्हणून अशा रोग्याच्या तोंडाला लसणासारखा वास येतो. शिवाय गव्हातलं सेलेनियम मेथिओनिन या नेहमीच्या अमिनो आम्लाच्या वेषात येतं. शरीराला दोन्हींतला फरक कळत नाही, ते कुठल्याही प्रथिनात बसवून टाकतं. केस आणि नखं गंधकाच्या जोडांवर घट्ट उभी असतात. सेलेनियम हा गंधकाचाच भाऊबंद, तो तिथे घुसला की जोड ढिले होतात.

बावस्करांनी दिलेले आकडे याच नजरेने वाचावेत. सेलेनियम रक्तात नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट. शरीर बाहेर टाकत होतं, तरी रोज दोन वेळा नवा माल येतच होता. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागात काहींची नखंही गळाली.

मावशींचा दुसरा प्रश्न खरा होता. "मग रेशनचा गहू सोडायचा का?" मी नाही म्हटलं. तो गहू २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळालेला हक्क आहे, आणि तो सोडून महागाचं पीठ आणायला पैसे कुठून येणार? पण खातं कोण, यावर धान्याची तपासणी ठरते असं मला स्पष्ट वाटतं. मॉलमधल्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं, आमच्या पोत्यावर कुठल्या शेतातला माल ते विचारायची सोय नाही. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनीत सेलेनियम भरपूर आहे, हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक आहे. म्हणजे तपासायचं कुठे हेही ठाऊक आहे. माल गोदामात यायच्या आधी नमुना तपासा, एवढीच मागणी आहे.

घरी धुऊन भागत नाही. तोच गहू धुतल्यावर १४.५२ चे १३.६१ झाले, बस्स. वास नाही, रंग नाही. आपल्या हातात एवढंच की एकाच पोत्यावर महिना काढू नये. आपल्या कऱ्हाकाठच्या ज्वारी-बाजरीची भाकरी आलटून पालटून ताटात असावी. एकाच दुकानाचं धान्य खाणाऱ्या तीन-चार घरांत केस किंवा नखं जायला लागली, तर आपापलं लपवू नका, टक्कल करून घरात बसू नका. दोन मुठी गहू कोऱ्या डब्यात ठेवून त्यावर तारीख आणि दुकानाचा नंबर लिहा. सगळे मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, रक्त-लघवीच्या तपासणीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. आणि केसांसाठी म्हणून मेडिकलमधून सेलेनियम असलेल्या गोळ्या आणत असाल, तर आधी पाठीमागचा आकडा वाचा.