जुळ्यांना रजा द्या

जुळ्या भावांच्या गोष्टीला विज्ञानाच्या तासातून काही वर्षं रजेवर पाठवावं, अशा मताला मी आलोय. एक भाऊ यानातून दूर जातो, परततो तेव्हा तरुणच असतो आणि घरी राहिलेला पिकलेला. हे ऐकून निम्मे लोक ‘सिनेमातलं’ म्हणून सोडून देतात. उरलेले राजा ककुद्मी आणि रेवतीची कथा काढतात: बाप-लेक ब्रह्मलोकी जाऊन आले तोवर इथे २७ चतुर्युगं लोटली. कथा सुरेख आहे, पण ते दोघं तिथे गाणं संपायची वाट बघत बसले होते. त्यात वेग कुठे आला?

त्यापेक्षा सुरुवात होमी भाभांपासून करावी. मुंबईचे भाभा केंब्रिजला असताना १९३८ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. आपोआप फुटणारा कण म्हणजे एक घड्याळच, असं त्यात म्हटलंय. तो वेगात असेल तर सापेक्षतेनुसार उशिरा फुटताना दिसला पाहिजे. यान नको, जुळे नकोत. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत उंचावर आणि खाली कण मोजून रॉसी आणि हॉल यांनी १९४१ मध्ये हेच दाखवलं.

ते कण, म्हणजे म्यूऑन, आपल्याकडेही पडतात. लाटीपाडा धरणाच्या बांधावर तळहात आभाळाकडे करून उभे राहा. मिनिटाला शंभरेक म्यूऑन हातातून आरपार जातील, कळणारही नाही. अवकाशातले किरण हवेवर आदळले की साधारण १५ किलोमीटर उंचीवर ते जन्मतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. हवेत खर्च होणारी ऊर्जा बाजूला ठेवू. प्रकाशाच्या ९९.८ टक्के वेगाने येणाऱ्या म्यूऑनांपैकी जुन्या हिशेबाने दहा अब्जांत एखाददुसराच जमिनीला लागेल. सापेक्षतेच्या हिशेबाने जवळजवळ चौथाई पोचतील, कारण आपल्याला ५० मायक्रोसेकंदांचा दिसणारा प्रवास त्यांच्या घड्याळात जेमतेम ३ मायक्रोसेकंदांचा असतो.

इथे मागच्या बाकावरचा हुशार पोरगा हात वर करतो: म्यूऑनच्या नजरेने तर आपणच पळतोय, मग आपलं घड्याळ मंद नको का? बरोबर आहे त्याचं. एकमेकांना ओलांडून जाताना दोघंही दुसऱ्याचं घड्याळ मंद म्हणतात आणि दोघंही खरे. भांडण मिटवायचं तर दोन्ही घड्याळं पुन्हा शेजारी आणावी लागतात, आणि त्यासाठी निदान एकाला तरी वळावंच लागतं.

पिंपळनेरहून दोन जीपगाड्या निघाल्या. एक साक्रीवरून सरळ धुळ्याला, दुसरी सटाणा-मालेगाव करून. धुळ्यात किलोमीटरचे आकडे वेगळे आले म्हणून कोणी त्याला कोडं म्हणत नाही. घड्याळ हेही तसंच वाटेचं माप आहे. फरक एवढाच, की काळाच्या हिशेबात पायथागोरसच्या बेरजेच्या जागी वजाबाकी येते, म्हणून वळसा घेणाऱ्याचाच आकडा कमी भरतो. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने ४ प्रकाशवर्षं जायला घरच्या घड्याळाने ५ वर्षं लागतात. ५ चा वर्ग २५, वजा ४ चा वर्ग १६, उरले ९, वर्गमूळ ३. जाऊन-येऊन घरच्याला १० वर्षं, प्रवाशाला ६. दहावीच्या मुलाला सहज झेपेल एवढंच हे गणित, आणि गोष्ट सांगताना नेमकं तेच गाळलं जातं.

वळून परत येणारं घड्याळही तपासून झालंय. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १४ मीटर व्यासाच्या कड्यात म्यूऑन गरगर फिरवले. दर फेरीला ते निघाल्या जागी परत. १९७७ साली निकाल छापून आला: २.२ मायक्रोसेकंदांचे धनी असलेले हे कण सरासरी ६४ मायक्रोसेकंद टिकले.