उसनी चाल आणि उसना गळा

जॉर्ज टाउनमधील कचेरी सुटली की राजाजी रस्त्याने बीच स्थानकाकडे जाताना बर्मा बाजार लागतो. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांसाठी १९६९ साली वसलेल्या ह्या बाजारातून परवा जात असता एका दुकानात उषा उथुप ह्यांचे जुने इंग्रजी गाणे लागलेले ऐकले. बरोबरचे मराठी स्नेही नाक मुरडून म्हणाले, "अहो, दुसऱ्यांनी गाजविलेली गाणी गाऊन तबकडी काढायची, ही कसली कला? हे तर उष्टे अन्न!"

हे मत आपल्या मंडळींत सार्वत्रिक आहे, म्हणूनच त्याचा प्रतिवाद अगत्याचा वाटतो.

उषाबाई १९४७ साली मुंबईत जन्मल्या. घर तमिळ, वडील मुंबई पोलिसांत अधिकारी. म्हणजे परभाषेच्या शहरात वाढलेले, आपल्याच मुलांसारखे ते मूल. पुढे त्या मद्रासच्या माउंट रोडवरील 'नाइन जेम्स' क्लबात साडी नेसून गाऊ लागल्या. १९६८ च्या 'स्कॉच अँड सोडा' ह्या तबकडीत त्यांनी 'जांबलाया' व 'ग्रीनबॅक डॉलर' ही अमेरिकेत गाजलेली गाणी गायिली. गाणी उसनी होती. तो भरदार, खालच्या पट्टीतला गळा मात्र त्यांचा स्वतःचा होता.

उसनवारीनेच कला बाटत असेल, तर मुत्तुस्वामी दीक्षितरांचे काय करावे? इंग्रजी बॅण्डच्या चालींवर त्यांनी संस्कृत रचना केल्या. त्यांत खुद्द इंग्रजांच्या राष्ट्रगीताची चालही आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तर कानडी पदांच्या चाली घेतल्या. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापीत. ऋण घेतले, पण ते लपविले नाही. २०१२ साली सुधारलेला कॉपीराइटचा कायदा तरी दुसरे काय सांगतो? मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबा, हक्कदाराला मोबदला द्या, आणि हे पुनर्गायन आहे असे वेष्टनावर छापा.

आता आपल्या गणेशोत्सवाकडे पाहू. तेथे मुद्रित साथ लावून मूळ गायिकेचा श्वाससुद्धा हुबेहूब उचलला जातो आणि जो अधिक हुबेहूब, त्याला अधिक टाळ्या! गेल्या खेपेस येथेच वाढलेल्या एका मुलीने एक भावगीत आपल्या ढंगाने गायिले. उच्चारांत तमिळ वळण होते, पण स्वर सच्चा होता. "मूळ गाण्यासारखे नाही," असा शेरा तिला मिळाला. तेव्हापासून ती सभागृहाकडे फिरकलेली नाही.

वाचकहो, खरे उष्टे कोणते? उसनी चाल घेण्यात कमीपणा नाही; कमीपणा आहे तो उसन्या गळ्यात. बदलीच्या गावी आपल्या मुलांच्या ओठी मराठी गाणे टिकायचे असेल, तर ते त्यांच्याच गळ्याने टिकेल. येत्या उत्सवात त्या मुलीच्या घरी प्रथम आपण जावे, आणि तिच्या गाण्यापूर्वी मूळ कवी, संगीतकार व गायिका ह्यांची नावे आदराने उच्चारून मग मुकाट्याने तिचे गाणे ऐकावे.