घरचा प्रोजेक्टर : पॅनेल कोणतं घ्याल?

दिल्लीत मेच्या मध्यावर शाळांना सुट्टी लागते आणि घरातल्या मोठ्या मुलांना काहीतरी बनवायची हुक्की येते. घरच्या घरी प्रोजेक्टर करणं हा त्यातलाच एक उद्योग. एक प्रखर एलईडी, दोन चपटी फ्रेनेल भिंगं, पुढे एक जाड भिंग, पंखा आणि मधोमध एलसीडी पॅनेल, झाला प्रोजेक्टर. यातलं बाकी काही चुकलं तर बदलता येतं. पॅनेल चुकलं तर खोकंच नव्याने बांधावं लागतं, कारण भिंगांचं माप त्यावरून ठरतं.

दुकानदार तुम्हाला आधी रिझोल्यूशन सांगेल. तुम्ही आधी उजेडाचा विचार करा.

कल्याणला महादेव पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. आपलं खोकं त्याच जातीचं आहे. पण रंगवलेल्या काचेतून बराच उजेड पार जातो. आपल्या रंगीत पॅनेलमधून १०० भागांपैकी जेमतेम ५ ते ७ भाग पलीकडे जातात. निम्म्याहून जास्त पोलरायझर खातो, उरलेल्यातला मोठा हिस्सा लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या खातात आणि थोडा बारीक तारांच्या जाळीत अडतो. १०० वॉटच्या चांगल्या एलईडीचा उजेड ९-१० हजार ल्युमेन धरला, तरी पडद्यावर ५००च्या आसपास पोहोचला तर नशीब. म्हणून एकाच आकाराच्या दोन पॅनेलांत ‘फोर के’च्या मोहात पडू नका. जितके बिंदू जास्त तितकी जाळी दाट, आणि उजेड कमी. घरच्या पडद्याला फुल एचडी पुरे.

अडलेला उजेड जातो कुठे? पॅनेलमध्येच, उष्णता होऊन. आणि इथेच दिल्ली आडवी येते. बहुतेक साधी पॅनेलं ५०-६० अंशांपर्यंत काम करतात, आणि मे महिन्यात आपली खोलीच ४० ला टेकलेली असते. माझ्या पहिल्या खोक्यात सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील, चित्राच्या मध्यभागी शाईसारखा काळा डाग पसरला. पॅनेल मेलं असं वाटलं. बंद करून थंड होऊ दिलं, तर डाग गेला! आतले द्रव स्फटिक तापून आपली शिस्त विसरतात, थंड झाले की पुन्हा रांगेत येतात. पोलरायझर करपला तर मात्र इलाज नाही. एलईडी आणि पॅनेलच्या मध्ये उष्णता अडवणारी काच लावा आणि वारा पॅनेलच्या दोन्ही बाजूंनी फिरू द्या.

आकाराचंही यावरूनच ठरवा. ५.५ इंची पॅनेल घेतलं तर खोकं आटोपशीर होतं, पण सगळी उष्णता तळहाताएवढ्या काचेवर येते. शिवाय ६० इंची चित्रासाठी ते जवळजवळ ११ पट मोठं होतं, त्यामुळे धुळीचा कणही मुंगीसारखा दिसतो. दिल्लीच्या आंधीत खिडकी उघडी राहिली की बघा! जुन्या मॉनिटरचं १५ इंची पॅनेल ४ पटच वाढवावं लागतं आणि गार राहतं, मात्र खोकं कपाटाएवढं होतं. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी ७ ते १० इंची पॅनेल सुचवेन.

मोबाइलचे ओएलईडी डिस्प्ले इथे चालत नाहीत. ते स्वतःच उजळतात, त्यांच्या आरपार उजेड जात नाही. थ्रीडी प्रिंटरची पॅनेलं स्वस्तात मिळाली तर रंगीत आहेत ना ते विचारा. नवी बरीचशी कृष्णधवल असतात, उजेड भरपूर सोडतात, पण सिनेमा आजोबांच्या काळातला दिसेल. ‘टीएन’ पॅनेलला लोक नाकं मुरडतात, कारण बाजूने पाहिलं की रंग बदलतात. प्रोजेक्टरमध्ये उजेड जवळजवळ सरळच जातो, म्हणून तो दोष इथे फारसा जाणवत नाही. खरखरीत, चमक मारणारा थर असलेलं पॅनेल मात्र टाळा, चित्र धूसर होतं.

खरेदीला नेहरू प्लेस किंवा लाल किल्ल्यासमोरचं लाजपत राय मार्केट. दोन्ही मेट्रोच्या व्हायलेट लाइनवर आहेत. पॅनेल आणि त्याचा ड्रायव्हर बोर्ड एकाच दुकानातून जोडीने घ्या, तिथेच लावून बघा आणि मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. त्यावरच्या नंबरशिवाय दुसरा बोर्ड जुळत नाही. मग मागची बॅकलाइट काढून द्यायला सांगा. रिबन आणि सर्किटची पट्टी काचेच्या मागे दुमडलेली असेल, तर ती बाजूला उलगडते का ते पाहा. नाही उलगडली, तर तिची सावली पडद्यावर पडणार. शेवटी चालू पॅनेलच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा. चित्र स्वच्छ दिसलं तरच पैसे मोजा.