चित्र कोणाला झोंबले?



आपल्यातल्या कित्येकांना अग्रलेख अडखळत वाचावा लागतो. चार इयत्तांची शाळा, करणार काय! पण चित्र नजर पडताच कळते. म्हणून मालकलोकांना लेखापेक्षा चित्राची धास्ती जास्त. खात्याच्या भिंतीवर आमची पत्रके महिना-महिना टिकली. कोणी खडूने मालकाचे सुटलेले पोट काढले, ते मात्र पाळी सुटायच्या आत पुसले गेले.

अमेरिकेतही तेच! 'वॉशिंग्टन पोस्ट' हे तिथले बडे पत्र २०१३ साली अ‍ॅमेझॉनवाल्या जेफ बेझोसने २५ कोटी डॉलरला विकत घेतले. त्याच्या मतांच्या पानासाठी ॲन टेल्नेस ही बाई २००८ पासून व्यंगचित्रे काढीत होती. तिने एक कच्चे चित्र संपादकापुढे ठेवले. ट्रम्पचा पुतळा, पायाशी पैशाच्या थैल्या घेऊन गुडघे टेकलेले धनिक आणि त्यांत खुद्द बेझोस! अ‍ॅमेझॉनने ट्रम्पच्या शपथविधीला दहा लाख डॉलर देऊ केलेच होते.

चित्र नापास झाले. संपादक डेव्हिड शिप्ली यांचे म्हणणे असे, की याच विषयावर एक लेख नुकताच आला, दुसरा येणार आहे, पुनरुक्ती नको. आता जागेअभावी मजकूर आम्हीही कापतो, नाही कशाला म्हणा! पण बाईने साफ सांगितले, की वादावादी पूर्वीही झाली, मात्र नेम कोणावर धरला यापायी चित्र मारले गेले ते या वेळीच. ३ जानेवारी २०२५ रोजी तिने राजीनामा जाहीर केला.

मालकाने हुकूम सोडावाच लागतो असे थोडेच आहे? जॉबरला काय चिठ्ठी येते? मोटार फाटकातून आत शिरली, की त्याचा आवाज आपोआप बदलतो. आणि पुढे मालक उघडच बोलला. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी बेझोसने जाहीर केले, की हे पान यापुढे व्यक्तिस्वातंत्र्य आणि खुला बाजार यांचीच बाजू मांडील. विरोधी मते दुसऱ्यांनी छापावीत. शिप्लीही बाहेर पडले. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणे!

बाईने ते पेन्सिलीचे अर्धवट चित्र स्वतःच लोकांपुढे ठेवले होते. पानावर येते तर वर्गणीदारांनी पाहून रद्दीत टाकले असते. अडवले म्हणून साऱ्या जगात फिरले. मे २०२५ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. यादीत तिच्या नावापुढे पत्राचे नाव आहे, 'वॉशिंग्टन पोस्ट'.