डोहाचे गुपित कोणाच्या हिताचे?

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याकडे गळ घेऊन जाणारे आमचे हौशी स्नेही नेहमी बजावतात, की चांगला डोह कोणास दाखवू नये. दाखविला की सुरुंगाची दारू घेऊन चोर आलाच! ही भीती खोटी नव्हे. एका बारासरशी मोठ्या माशांबरोबर बोटभर पिलांचाही संहार होतो. पाण्यात दारू उडविणे व विष कालविणे 1897 च्या मत्स्यविषयक कायद्यानेच गुन्हा ठरविले. तरी तो प्रघात मोडला नाही.

परंतु यावर मौन हा उपाय आम्हांस मान्य नाही. रात्री नदीकाठ तुडविणाऱ्या चोरास डोह दाखवावा लागत नाही. आमच्या मौनाने दूर राहतो तो साक्षीदार. महाड तालुक्यातील वाळणकोंड पाहा. काळ नदीच्या त्या डोहातील महसीर मासे साऱ्या पंचक्रोशीस ठाऊक आहेत. देवीचे म्हणून त्यांस कोणी धरीत नाही. उलट भाविक खाऊ घालतात. तेथे देवीचा धाक आहे, असे कोणी म्हणेल. खरे, पण तो धाक सर्वांस ठाऊक असलेल्या डोहावरच चालतो.

शिवाय चोर एकटा दारूवालाच नव्हे. सांडपाण्याने पंचगंगेतील मासे मरून तरंगल्याचे बावडेकरांनी अनेकदा पाहिले आहे. ज्या डोहात काल मासे होते हे एकासच ठाऊक, त्याची फिर्याद कोण करणार?

म्हणून ज्यास डोह प्रिय असेल, त्याने तो काठच्या गावाच्या हवाली करावा. आणि पावसाळ्यात मासे अंडी घालण्यास चढतात, तेवढे दिवस स्वतःचाही गळ गुंडाळून ठेवावा.