गृहपाल कोणासाठी?

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड नावाचे गाव आहे. अशा गावातील मुलगी पुढील शिक्षणासाठी घर सोडते, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाते आणि वसतिगृहाच्या दारात आपली पत्र्याची पेटी ठेवते. त्या क्षणापासून गृहपाल हीच तिची आई आणि तोच तिचा बाप. हा गृहपाल कोण असावा, हे ठरविताना परीक्षा घेणारे असतात, अर्जांची छाननी करणारे असतात, शिफारशी घेऊन येणारेही असतात. नसतात ती फक्त त्याच्या छायेत राहणारी मुले. या विसंगतीकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हा प्रश्न केवळ सोयीगैरसोयीचा नव्हे. २०२१ च्या फेब्रुवारीत याच रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत दोनशेंहून अधिक विद्यार्थी करोनाबाधित निघाले. निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या त्या मुलांचे आईबाप दूर होते. जवळ होते ते कर्मचारी. संकटाच्या घडीला मुलाचा हात कोण धरणार, हे नेमणुकीच्या दिवशीच ठरून गेलेले असते.

“पोरांना काय कळते?” असे कोणी विचारील. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. नव्या मास्तरांची जी पारख तपासनिसांना वर्षभरात होत नसे, ती वर्गातल्या मुलांना आठवड्यात होई. मास्तरांच्या विद्वत्तेविषयी मुले चुकत. पण ते पक्षपाती आहेत की न्यायी, त्यांच्याजवळ मनातले बोलता येते की नाही, याविषयी ती क्वचितच चुकत. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालय त्यांनी सांभाळले. मुलांचे कपडे धुणारा, त्यांच्या खोल्या झाडणारा हा माणूस त्या मुलांना का प्रिय झाला, हे एम. ए. च्या पदवीपत्रावरून कोणाला कळले असते? ते मुलांनाच विचारावे लागते.

आजची आपली रीत मात्र कागदांची आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि आरोप आला तो कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर. त्यानंतर शासनाने शाळांसाठी कॅमेरे, तक्रारपेट्या आणि कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी यांचे आदेश काढले. ते योग्यच होते. परंतु पडताळणी सांगते ती फक्त पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद. माणसाचा स्वभाव ती सांगत नाही. पुढे २०२५ मध्ये शासकीय आश्रमशाळांतील शिक्षकांची पदे बाह्यस्रोतातून भरण्याचा निर्णय झाला आणि रोजंदारीवरील कर्मचाऱ्यांनी नाशकात बिऱ्हाड आंदोलन मांडले. शासनाने आपली अडचण सांगितली, कर्मचाऱ्यांनी आपल्या पोटाचा प्रश्न मांडला. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले गेले; तिसरी बाजू मुलांची होती, तिला कोणी विचारल्याचे दिसले नाही.

वास्तविक हे तत्त्व आपण कधीच मान्य केले आहे. मुलाला आपल्यासंबंधीच्या गोष्टीत मत मांडण्याचा हक्क देणारी संयुक्त राष्ट्रांची १९८९ ची बालहक्क संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली. २०१६ च्या बाल न्यायविषयक आदर्श नियमांत बालगृहांतील मुलांच्या समित्यांची तरतूद आहे. वेल्समध्ये तर २००१ साली पदावर आलेल्या पहिल्या बालआयुक्तांची निवड करताना मुलांनीही उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. तेथे आकाश कोसळले नाही.

मुलांच्या हाती नेमणुकीचा अधिकार द्या, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्यास खाऊ वाटणारा निवडला जाईल आणि शिस्त लावणारा नाकारला जाईल, ही भीती आम्ही जाणतो. गावातील गटतट मुलांच्या तोंडून बोलू लागतील, हाही धोका आहे. म्हणून अंतिम निर्णय मोठ्यांचाच असावा. पण शिक्षकाच्या मुलाखतीत उमेदवाराने खऱ्या वर्गात एक पाठ घ्यावा आणि मुलांनी आपले मत नाव न घालता लिहून द्यावे. गृहपालाच्या निवडीत वसतिगृहातील चारपाच मुलामुलींनी स्वतः तयार केलेले प्रश्न विचारावेत: “रात्री कोणी आजारी पडले तर आपण काय कराल?” उत्तराला गुण मोठ्यांनी द्यावेत, पण मुलांच्या मताविरुद्ध निर्णय घेतला, तर त्याचे कारण लेखी नोंदवावे. स्वयंपाकी, पहारेकरी आणि कंत्राटी कामगार यांना कायम करण्यापूर्वी किंवा त्यांचे कंत्राट वाढविण्यापूर्वी मुलांचे म्हणणे गुप्तपणे ऐकावे. यास नवा कायदा लागत नाही आणि तिजोरीवर भारही पडत नाही.

उद्या ती मुलगी मतदार होईल व राज्य कोणी करावे हे ठरवील. आज रात्री आपल्या खोलीची किल्ली कोणाच्या हाती असावी, याविषयी तिला एक शब्दही विचारू नये, हे कोणत्या न्यायात बसते? समाजकल्याण आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांनी पुढील भरतीपूर्वी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.